पाहुण्यासाठी घराचे छायाचित्र घेताना

(ग्वेल्फ येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस दिलेला विषय जाहीर झाला तेव्हा काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्याचे आम्ही पाहिले. डॉक्टराने रक्तदाबावर बोलावे, मधुमेहावर बोलावे. भाड्याने द्यावयाच्या खोलीचे फोटो मोबाइलवर कसे काढावेत हा का त्याचा विषय? परंतु वस्तुस्थिती अशी की, गेल्या काही वर्षांत समाजातील जेवढ्या घरांनी आम्हांला रक्तदाब मोजण्यासाठी बोलावले असेल, त्याहून अधिक घरांनी मोबाइल हातात देऊन, “डॉक्टरसाहेब, एवढे बेसमेंटचे चार फोटो काढून द्या,” म्हणून बोलावले आहे. आमच्या छायाचित्रणाच्या जुन्या हौसेचा हा परिणाम. तेव्हा ज्या कामासाठी घरोघरी बोलावणे येते, त्याविषयी एकदाच सर्वांसमोर बोलावे हे बरे.

येथे आलेल्या पहिल्या पिढीनेही घराचे फोटो काढले. पण ते गावी पाठविण्यासाठी. बर्फात उभे राहून, नवा कोट घालून, मागे घराचा दरवाजा आणि बाजूस मोटारीचे नाक येईल अशा बेताने काढलेला तो फोटो विमानाच्या टपालाने नागपूरला, अमरावतीला, औरंगाबादला जात असे आणि वस्तीतील एखाद्या भिंतीवर कित्येक वर्षे टांगलेला असे. त्या फोटोत घर किती मोठे दिसते एवढेच पाहिले जाई; त्या भिंतींमागे बँकेचे कर्ज किती, हे कोणी विचारीत नसे. पाहणारा आपलाच होता, आणि त्याला आनंद व्हावा एवढाच त्या फोटोचा हेतू होता.

आज त्याच घराचा फोटो आपण काढतो तो सर्वस्वी अनोळखी माणसासाठी. तो माणूस तेवढ्या फोटोवर विसंबून आगाऊ पैसे भरतो आणि रात्री अकरा वाजता, सामानसुमान घेऊन, कधी लहान मूल कडेवर घेऊन, आपल्या दारात उभा राहतो. हा फरक ध्यानी घेतला म्हणजे आमच्या पुढील सांगण्याचा अर्थ आपोआप कळेल. गावी पाठविलेला फोटो हा कौतुकाचा होता. हा फोटो म्हणजे साक्ष आहे.

ग्वेल्फमध्ये असे पाहुणे का येतात, हे येथील रहिवाशांस सांगावयास नको. बाहेरगावच्या मंडळींसाठी दोन शब्द सांगतो. १८७४ साली येथे सुरू झालेल्या शेतकी शाळेचा वारसा सांगणारे आणि १९६४ साली विद्यापीठ म्हणून उभे राहिलेले ग्वेल्फ विद्यापीठ हे या गावाचे हृदय आहे. जून महिन्यात पदवीदानासाठी आईवडील येतात. सप्टेंबरच्या तोंडावर नवे विद्यार्थी आणि त्यांना पोहोचवावयास आलेली कुटुंबे कायमची खोली मिळेपर्यंत आठ-दहा दिवसांचा निवारा शोधतात. जुलैमध्ये ग्वेल्फ तलावाकाठी हिलसाइडचा संगीतमहोत्सव भरतो. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेले बेसमेंट अशा कुटुंबांना सोयीचे पडते. आणि आपल्यापैकी ज्यांची मुले शिकून बाहेर पडली, ज्यांचे बेसमेंट रिकामे आहे, किंवा जे हिवाळ्याचे तीन महिने भारतात जातात, त्यांना कर्जाच्या हप्त्यास तेवढाच हातभार लागतो. यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

मोबाइल उचलण्यापूर्वी मात्र एक चौकशी करावी. अल्पमुदतीने घर देण्याचे नियम प्रत्येक नगरपालिकेचे निराळे असतात. टोरांटोत स्वतःच्या मुख्य राहत्या घरापुरतीच अशी परवानगी मिळते, नोंदणी करावी लागते, आणि संपूर्ण घर द्यावयाचे तर वर्षाकाठी १८० रात्रींची मर्यादा आहे. म्हणून टोरांटोतल्या मेहुण्याने दिलेला सल्ला ग्वेल्फला किंवा ब्रॅम्प्टनला जसाच्या तसा लागू पडेल असे समजू नये. आपल्याच नगरभवनात जाऊन विचारावे. १ जानेवारी २०२४ पासून केंद्र सरकारच्या प्राप्तिकर नियमांत असा बदल झाला आहे की, स्थानिक नियम मोडून दिलेल्या अशा घरावरील खर्चाची वजावट मिळत नाही. विमा कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही कळवावे. एवढे झाले म्हणजे फोटोकडे वळण्यास हरकत नाही.

फोटोला या व्यवहारात एवढे महत्त्व कसे आले, याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. २००८ साली स्थापन झालेली एअरबीएनबी ही कंपनी आरंभी अगदी रडतखडत चालली होती. २००९ साली तिच्या तरुण संस्थापकांच्या लक्षात आले की, न्यूयॉर्कमधील घरमालकांनी घातलेले फोटो अंधारे आणि वेडेवाकडे आहेत. लोक खोली नाकारीत नाहीत, फोटो नाकारीत आहेत. तेव्हा त्यांनी चांगला कॅमेरा भाड्याने आणला आणि दारोदार जाऊन स्वतः फोटो काढले. आठवड्याचे उत्पन्न दुप्पट झाले, असे ते स्वतः सांगतात. त्या वेळी जे काम भाड्याच्या कॅमेऱ्याने झाले, ते आज आपल्या खिशातल्या मोबाइलने उत्तम होते. अट एवढीच की, मोबाइल काय चांगले करतो आणि कोठे फसवितो, हे काढणाऱ्याला कळले पाहिजे.

प्रथम भिंग पुसावे. हे सांगणे बालिश वाटेल. पण मोबाइल दिवसभर खिशात, पर्समध्ये आणि फोडणीच्या वाफेत असतो, आणि त्याच्या भिंगावर बोटांचा तेलकट थर बसलेला असतो. दिव्याभोवती धुक्याचे वलय दिसू लागले की मोबाइल जुना झाला असे लोक समजतात आणि नवा घ्यावयास निघतात. चष्म्याचे मऊ फडके पुरते.

दुसरी गोष्ट उजेडाची. फ्लॅश बंद ठेवावा. त्याने समोरची खुर्ची पांढरीफटक होते आणि मागील खोली काळोखात जाते. पडदे उघडावेत आणि दिवसाचा उजेड आत घ्यावा. या अक्षांशावर तो उजेड बेताचाच मिळतो. डिसेंबरअखेरीस ग्वेल्फचा दिवस सुमारे ९ तासांचा असतो, तर जूनमध्ये १५ तासांहून मोठा. नोकरीवरून परतून संध्याकाळी सहा वाजता हिवाळ्यात फोटो काढावयास बसणे म्हणजे अंधारात सुई ओवणे होय. सुटीच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत हे काम उरकावे. बर्फ पडले असेल तर त्याचा परावर्तित उजेड छतापर्यंत पोहोचतो आणि खोली अनपेक्षितपणे प्रसन्न दिसते. पण त्याच बर्फामुळे खिडकी इतकी झगझगते की मोबाइल घाबरून साऱ्या खोलीचाच उजेड कमी करतो. अशा वेळी पडद्यावर खिडकीला नव्हे, तर खोलीतल्या भिंतीला बोट लावावे आणि उजेडाची खूण थोडी वर सरकवावी. बहुतेक मोबाइलमध्ये कमीअधिक उजेडाचे अनेक फोटो घेऊन त्यांचे एकच चित्र करण्याची सोय असते. ती चालू ठेवावी आणि हात हलू देऊ नये. दाराच्या चौकटीला कोपर टेकविले की हात स्थिर राहतो.

बेसमेंटचा प्रश्न निराळा आहे. तेथे खिडकी लहान आणि उंचावर. मग आपण दिवे लावतो. एक पिवळा, एक पांढराशुभ्र, आणि खिडकीतून येणारा निळसर उजेड तिसरा. घरगुती पिवळा दिवा साधारण २७०० केल्व्हिनचा, तर भर दुपारचा उजेड ५५००च्या आसपासचा. आपला डोळा हा भेद सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला तो तितकासा साधत नाही. एकाच भिंतीचा अर्धा भाग काविळीसारखा आणि अर्धा भाग रक्तक्षयासारखा दिसतो. उपाय सोपा आहे. खोलीतील सर्व दिवे एकाच जातीचे बसवावेत. चार दिव्यांना फारसा खर्च येत नाही, आणि पाहुण्यालाही वाचावयास बरे पडते.

मोबाइल आडवा धरावा, छातीच्या उंचीवर. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढले की जमीन फार आणि पलंग बुटका दिसतो. पडद्यावर जाळीच्या रेषा येण्याची सोय चालू करून दाराची चौकट त्या रेषेला समांतर ठेवावी. ज्या फोटोत दार एका बाजूला कललेले असते, त्या घराविषयी पाहणाऱ्याच्या मनात उगीचच शंका येते. न्हाणीघरात कमोडचे झाकण बंद करावे आणि आरशात आपण स्वतः तर उभे नाही ना, हे पाहावे. यजमानाचे बनियनमधील दर्शन पाहुण्यास आगाऊ घडविण्याची आवश्यकता नसते.

आता आमच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगतो. या विषयात ती आम्हांला सर्वांत उपयोगी पडली आहे. हाड मोडल्याचा संशय असेल तर क्ष-किरणाचे एकच चित्र आम्ही कधी पुरेसे मानीत नाही. समोरून एक आणि बाजूने एक, अशी काटकोनातील दोन चित्रे घेतो. कारण समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने सरकलेले असू शकते. खोलीचेही तसेच आहे. एका कोपऱ्यातून काढलेला फोटो ती खोली किती चांगली आहे हे सांगतो. समोरच्या कोपऱ्यातून काढलेला दुसरा फोटो ती कशी आहे हे सांगतो. पहिल्यात पलंग आणि खिडकी. दुसऱ्यात दार, कपाट, आणि कोपऱ्यात उभी असलेली पाणी तापविण्याची टाकी. दोन्ही द्यावेत.

दुसरे उदाहरण छातीच्या फोटोचे. चालत्याफिरत्या रुग्णाची छाती फिल्मला टेकवून पाठीमागून किरण सोडले जातात. पण खाटेवरून उठू न शकणाऱ्या रुग्णाचा फोटो पुढून घ्यावा लागतो. फिल्म पाठीखाली राहते, हृदय तिच्यापासून दूर पडते, यंत्रही जवळ आणावे लागते, आणि निरोगी हृदयाची सावलीसुद्धा मोठी दिसते. जाणता डॉक्टर त्या सावलीवरून हृदय वाढले असे लिहीत नाही, कारण फोटो कसा काढला हे त्याला ठाऊक असते. आजच्या मोबाइलमधील अर्ध्या पटीचे जे रुंद भिंग आहे, ते खोलीच्या बाबतीत हेच करते. जवळची वस्तू फुगवते, दूरची भिंत आणखी दूर ढकलते, आणि कडेचा पलंग ताणून राजाच्या पलंगाएवढा करते. दहा फुटांची खोली सोळा फुटांची भासते. फरक इतकाच की पाहणारा येथे डॉक्टर नाही. फोटो कोणत्या भिंगाने काढला हे त्याला ठाऊक नसते.

हे भिंग वापरल्याने खोली लवकर भाड्याने जाते, असे आम्हांला तरुण मंडळी सांगतात. जात असेल. पण आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांतच आपण फसलो असे मनात म्हणतो, आणि मग स्वच्छ चादर, गरम चहा, काही केल्या ती भावना पुसली जात नाही. आमचे स्पष्ट मत असे की, साधे एकपटीचे भिंगच वापरावे. खोली मावत नसेल तर दाराबाहेर येऊन उघड्या दारातून फोटो घ्यावा. न्हाणीघर फारच लहान असेल आणि रुंद भिंगावाचून गत्यंतर नसेल, तर खाली लांबीरुंदी फुटांत लिहावी. मोजपट्टी प्रत्येक घरात असते.

काय दाखवावे याविषयी लोक आम्हांला विचारतात. काय दाखवावयाचे टाळता येणार नाही, हे कोणी विचारीत नाही. आम्ही दवाखान्यात बसणारी माणसे, म्हणून आमची नजर प्रथम जिन्यावर जाते. बेसमेंटमध्ये उतरावयाच्या पायऱ्या किती, उभ्या किती, कठडा एका बाजूस आहे की दोन्ही, हे वरून एक आणि खालून एक अशा दोन फोटोंत दिसले पाहिजे. पदवीदानाला येणारे आईवडील साठी-सत्तरीचे असतात. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आई विमानाच्या लांबलचक प्रवासानंतर तेरा अरुंद पायऱ्यांसमोर उभी राहते, तेव्हा पैसे परत देण्याची तयारी काय कामाची? छत कोठे ठेंगणे आहे, वाफेची नळी कोठे डोक्याला लागते, तेही दाखवावे. गालिचा आहे की लाकडी जमीन, घरात मांजर आहे काय, हे दम्याच्या रुग्णाला पलंगाच्या रंगापेक्षा महत्त्वाचे असते. झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसविणे ऑन्टारियोत २०१४ सालापासून कायद्याने आवश्यक झाले आहे. भट्टी शेजारीच असलेल्या बेसमेंटमध्ये या वायूला ना रंग ना वास. ते यंत्र बसवावे, त्याचे बटण दाबून पाहावे, आणि त्याचाही एक फोटो द्यावा. सोफ्याच्या चार फोटोंपेक्षा त्या एका फोटोने विचारी माणसाचा विश्वास अधिक बसतो, हा आमचा अनुभव आहे.

घराच्या बाहेरचा फोटो संध्याकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावा. या गावातील जुन्या चुनखडी दगडाच्या इमारतींवर तो उजेड फार सुरेख पडतो. ‘फ्लँडर्स’च्या कवितेमुळे जगाला ठाऊक असलेले डॉक्टर जॉन मॅक्रे १८७२ साली ज्या लहानशा दगडी घरात जन्मले, ते आज संग्रहालय म्हणून जपले आहे, ते अशा वेळी अवश्य पाहावे. आपले घर विटांचे किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे असले तरी बिघडत नाही. फक्त जूनचा हिरवा फोटो लावून जानेवारीत पाहुणा बोलावू नये. मोटार उभी करण्याची जागा बर्फात किती उरते हेही दिसू द्यावे.

आता काय झाकावे. येथे आम्ही डॉक्टर म्हणून अधिक कडक आहोत. फ्रिजच्या दारावर चिकटविलेली औषधांची चिठ्ठी, न्हाणीघराच्या कपाटातील गोळ्यांच्या बाटल्या, टेबलावरचे बँकेचे पाकीट, भिंतीवरील किल्ल्यांचा खिळा, मुलांचे शाळेच्या गणवेशातील फोटो आणि शाळेचे नाव लिहिलेली दप्तरे, हे सर्व फोटोपूर्वी काढून ठेवावे. मोबाइलचा फोटो बारीक अक्षरही टिपतो. बोटांनी मोठा करून ते कोणीही वाचू शकतो. एका सद्गृहस्थांच्या स्वयंपाकघराच्या सुंदर फोटोत त्यांना होणारा आजार आम्हांला औषधाच्या बाटलीवरून कळला. त्यांनी तो आम्हांला सांगितलेला नव्हता. शिवाय फोटोबरोबर तो कोठे काढला त्याची नोंदही मोबाइल आत साठवितो. पाठविताना स्थानाची नोंद वगळण्याची सोय असते, ती वापरावी. आणि फोटोचाच विषय निघाला म्हणून सांगतो: एअरबीएनबीने एप्रिल २०२४ अखेरपासून घराच्या आतील पाळतीच्या कॅमेऱ्यांना जगभर बंदी केली आहे. दिवाणखान्यातील चोरांसाठी लावलेला जुना कॅमेराही त्यात आला.

आता ज्या प्रश्नासाठी, खरे म्हणजे, आम्ही हा विषय स्वीकारला त्याकडे येतो. फोटो काढावयास जावे आणि सर्व तयारी झाल्यावर गृहिणीने हळूच विचारावे, “डॉक्टरसाहेब, भिंतीवरचे बाबासाहेब उतरवू काय?” असा प्रसंग आमच्यावर एकदा नव्हे, पाच-सहा वेळा आला आहे. या व्यवसायातील सल्लागार सांगतात की भिंती कोऱ्या असाव्यात. कोणाचा धर्म, पक्ष, कुटुंब त्यांवर दिसू नये. कौटुंबिक फोटोंपुरते आम्हांलाही ते मान्य आहे. परंतु गृहिणीच्या प्रश्नामागे तो सल्ला नसतो. तिला ठाऊक असते की, ती तसबीर पाहून गोरा पाहुणा, हे कोण, असे कुतूहलाने विचारील, पण भारतातून येणाऱ्या पाहुण्याला विचारण्याची गरज पडणार नाही.

हे भय निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याच घरी एका कुटुंबाने आठ दिवसांची खोली ठरविली, फोटो पुन्हा पाहिले, आणि मग आमचे मूळ गाव कोणते, पूर्ण आडनाव काय, स्वयंपाकघर कोण वापरते, अशी चौकशी सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा बेत बदलल्याचे कळले. याउलट, मुलीच्या पदवीदानासाठी वर्ध्याहून आलेल्या एक बाई आत आल्या, त्यांनी तसबिरीसमोर हात जोडले, आणि म्हणाल्या, “फोटोत हे दिसले म्हणूनच मुलीला सांगितले, इथेच उतरायचे.” पाहुण्यांची ही दोन टोके; मधले बहुसंख्य लोक खोली स्वच्छ आहे की नाही एवढेच पाहतात.

भाड्याची खोली आणि नाव लपविणे, या दोहोंचा संबंध आपल्याइतका कोणाला ठाऊक असणार? १९१७ सालच्या सप्टेंबरमध्ये अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना उतरावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर जागा दिली. वरच्या मजल्यावरील, अडगळीने भरलेले ते दालन; रात्री एका कंदिलाचा उजेड आणि वटवाघळे. आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेला तो जमाव. दोन मित्रांनी, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, आपापल्या अडचणी सांगितल्या. आणि संध्याकाळी मुंबईची गाडी सुटेपर्यंत तो महाविद्वान कामाठी बागेत बसून राहिला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. वहीतले ते उसने नाव त्यांना अकरा दिवस पुरले.

आज वहीच्या जागी मोबाइलचा पडदा आला. नाव आणि चेहरा विचारणे काही थांबले नाही. हार्वर्डच्या बेंजामिन एडेलमन आणि मायकल लुका यांनी २०१४ साली न्यूयॉर्कच्या घरांविषयी दाखविले की, तशाच प्रतीच्या घरासाठी कृष्णवर्णीय नसलेल्या यजमानांना कृष्णवर्णीय यजमानांपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक भाडे मिळत होते; यजमानाचा फोटो घराच्या फोटोशेजारीच असे. पुढे त्यांनी अमेरिकेतील पाच शहरांतील सुमारे ६४०० यजमानांना पाहुणे म्हणून पत्रे पाठविली. मजकूर एकच, नावे निराळी. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला होकार मिळण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी भरले. हा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. २०१८च्या ऑक्टोबरपासून, आरक्षण पक्के होईपर्यंत पाहुण्याचा फोटो यजमानास दिसू नये अशी व्यवस्था त्या कंपनीने केली.

कॅनडात आपल्या प्रश्नालाही आता नाव मिळाले आहे. मार्च २०२३ मध्ये टोरांटोच्या शालेय मंडळाने जातिभेदाची दखल घेतली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव हा प्रांताच्या मानवी हक्क संहितेखाली येतो, अशी आपली भूमिका प्रसिद्ध केली. म्हणून आमचे उत्तर त्या गृहिणीस असे असते: खोलीत मुळात तसबीर नसेल तर फोटोसाठी मुद्दाम लावू नका, असेल तर उतरवू नका. खोली जशी आहे तशीच दाखवावयाची, हा जिन्याला लावलेला नियम भिंतीलाही लावावयाचा. एका घरी आमच्या जाण्याआधीच तसबीर उतरविली होती. भिंत धुराने व वर्षांनी किंचित मळलेली. जेथे तसबीर होती तेथे स्वच्छ फिकट चौकोन. डोळ्याला तो जाणवतही नव्हता, मोबाइलने मात्र नेमका टिपला. यजमानाने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि स्वतःच खिळा ठोकून तसबीर परत लावली.

तसबिरीच्या काचेवर खिडकी चमकते, ही अडचण खरी. समोर उभे न राहता एक पाऊल बाजूला सरकावे आणि तसबिरीसमोरचा दिवा तेवढा विझवावा. चमक निघून जाते.

याच नाण्याची दुसरी बाजू बोलण्यास जड आहे, तरी बोलतो. ऑन्टारियोच्या संहितेत असा अपवाद आहे की, राहणाऱ्यास घरमालकाच्या कुटुंबाबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून घ्यावे लागत असेल, तर निवासातील समान वागणुकीची तरतूद लागू होत नाही. म्हणजे आपल्यापैकी जे राहत्या घरातील एक खोली देतात, त्यांना कोणालाही नाकारण्याची बरीचशी मोकळीक कायद्यानेच दिली आहे. ही मोकळीक आपण कशी वापरतो? “काळ्या मुलांना नको,” “अमक्या देशाचे स्वयंपाकाचा वास करतात,” ही वाक्ये आम्ही आपल्याच दिवाणखान्यांत, त्याच तसबिरीखाली बसून ऐकली आहेत. वर सांगितलेल्या संशोधनात आणखी एक गोष्ट आढळली होती: ज्या यजमानांकडे पूर्वी कधीही कृष्णवर्णीय पाहुणा उतरलेला नव्हता, त्यांच्यात हा भेद सर्वांत ठळक होता. आमच्याकडे उतरलेल्या एका नायजेरियन पशुवैद्यक विद्यार्थ्याने जाताना चादरी धुऊन, घड्या घालून ठेवल्या होत्या. आमच्या स्वतःच्या मुलांनी हे कधी केलेले नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. यजमानाचा स्वतःचा फोटो खिडकीजवळच्या उजेडात, चष्म्यावरची चमक टाळून काढावा. लग्नसमारंभातील कापून काढलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात उरलेला फोटो लावू नये. आणि पाहुणा येण्यापूर्वी व गेल्यानंतर खोलीचे तेच फोटो त्याच कोपऱ्यांतून पुन्हा काढून तारखेसह जपून ठेवावेत. काही मोडले वा न मोडले, याविषयी वाद झाल्यास आवाज चढविण्याची वेळ येत नाही.

भोजनानंतर ज्यांना हात बसवावयाचा असेल त्यांनी आपापले मोबाइल आणि एक मऊ फडके घेऊन सभागृहामागील सामानाच्या खोलीत यावे. तिला एकच लहान खिडकी आहे, छत ठेंगणे आहे, आणि दोन दिवे दोन रंगांचे आहेत. सरावाला ती उत्तम.